नांगराचा खरा प्रतिस्पर्धी

धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्या माणसाला बँकेत जो अर्ज भरावा लागतो, त्यात स्पर्धेचा एक रकाना असतो. आपल्या मालाला बाजारात स्पर्धा कुणाची, ते तिथं लिहायचं. नाव, वय, जमिनीचा उतारा, जामीनदार हे सगळे रकाने अर्जदार काळजीपूर्वक भरतो. या एका रकान्यापाशी मात्र पेन अडखळतं आणि मग तिथं बहुतेक वेळा एकच शब्द उमटतो, नाही. बँकेतल्या तीसेक वर्षांत, आणि त्यातल्या चार वर्षांत शिराळ्याच्या शाखेत, मी तो शब्द इतक्यांदा वाचला, की एखाद्यानं तिथं दोन ओळी लिहिलेल्या दिसल्या तर मी चष्मा पुसून त्या पुन्हा वाचायचो.

हा रकाना दिसतो तेवढा साधा नसतो. कर्जाला तारण म्हणून ठेवलेली अर्धा एकर भातजमीन, बायकोच्या पाटल्या, थोरल्या भावाची जामीनकी, सगळं त्या एका शब्दावर तोललेलं असतं. धंदा बुडाला तर बँकेचं पुस्तक फार तर एका ओळीनं वाढतं. घर मात्र पंधरा वर्षं मागं जातं. म्हणून धंद्यात उतरण्याआधी समोर कोण उभा आहे याची चौकशी करायला शिकायचं कसं, हा प्रश्न मला नोकरीत सतत पडायचा. निवृत्तीनंतर मी शिराळ्यातच राहिलो आणि वाचायला वेळ मिळाला. तेव्हा ध्यानात आलं, की याचं उत्तर देणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. शिराळ्याहून पूर्वेला निघायचं, वाळवा तालुका ओलांडायचा, कृष्णा पार करायची, की पलूस तालुक्यात त्यांच्या नावाचं गाव लागतं. सकाळच्या गाडीनं गेलं तर संध्याकाळी घरी परतता येतं. गाव किर्लोस्करवाडी आणि माणूस लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. जिद्द, चिकाटी, माळरानावर फुलवलेलं नंदनवन. ती गोष्ट खरीच आहे. पण बँकेत बसलेल्या माणसाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा माणूस प्रतिस्पर्धी ओळखायला कसा शिकला, त्याची.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या होत्या, यंत्रं नव्हती. मुलाला मात्र दोन नाद, चित्रं काढायचा आणि यंत्रं खोलून बघायचा. शाळेच्या पुस्तकात त्याचं मन रमेना. १८८५च्या सुमाराला त्यानं मुंबई गाठली आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. दोन वर्षं गेली आणि मग कळलं, की याच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक दिसत नाही. चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता असणार?

आपल्यात काय नाही हे त्या मुलाला वेळेवर कळलं आणि त्यानं ते मान्य केलं. रंग दिसत नाहीत, पण रेघ तर दिसते. तो यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याला यांत्रिक आरेखनाचा साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली.

यंत्राचा आराखडा काढणारा माणूस बाहेरून पाहून भुलत नाही. तो वस्तू मनातल्या मनात उभी आडवी कापतो. हा दांडा कशासाठी, हा खिळा इथंच का, हा भाग झिजला तर कुठून बदलायचा, हे तो बघतो. दुसऱ्याच्या मालाची चौकशी करायची तर आधी ही नजर लागते. जाहिरात वाचून कळते ती मालाची ऐट. माल खोलल्यावर कळते त्याची किंमत.

त्याच काळात सायकल नावाची नवलाई मुंबईत आली होती. लक्ष्मणरावांनी ती आणायची आणि बेळगावात थोरल्या बंधूंनी, रामूअण्णांनी, विकायची असा व्यवहार भावाभावांनी सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव १८८८ पासूनचं आहे. बेळगावात लष्कराची छावणी होती, साहेबलोक होते, वकील-डॉक्टर होते. सायकल विकायची तर ती चालवायलाही शिकवावं लागे. नवी वस्तू नुसती दुकानात मांडून खपत नाही, गिऱ्हाइकाची भीती घालवावी लागते, हा धडा दोघा भावांना तिथं मिळाला. पुढं नांगराच्या वेळी तो कामी आला.

मुंबईच्या संस्थेत हक्काची बढती डावलली गेली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. ज्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं, त्याला बेळगावकर आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

पडून राहिलेला माल

दुसऱ्याचा माल आणून विकण्यात या माणसाचं मन रमण्यासारखं नव्हतं. स्वतः काही तरी करायचं होतं. त्यांनी पहिल्यांदा केलं ते कडबा कापायचं यंत्र. आपल्याकडे जनावरांपुढं अख्खी पेंढी टाकायची रीत. जनावर कोवळं तेवढं ओढतं, बाकीचं पायाखाली तुडवतं. कडबा बारीक कापून घातला तर वैरण वाचते. दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या मुलखात याचं मोल समजायला पंडित लागत नव्हता.

त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर आला. याच वर्षी त्यांचे चिरंजीव शंतनुराव जन्मले. घरात मूल आणि कारखान्यात नांगर अशी दोन बाळं त्या वर्षी आली म्हणायची. त्यातलं एक बाळसं धरू लागलं आणि दुसरं मात्र हलेना. नांगर तयार होऊन पडले, ऊनपाऊस खात राहिले. जवळजवळ दोन वर्षं गिऱ्हाईक फिरकलं नाही.

त्या वेळचा जमाखर्च कुणी माझ्यासारख्या बँकवाल्यापुढं ठेवला असता तर त्याला काय दिसलं असतं? पडून असलेला माल, अडकलेलं भांडवल आणि शून्य विक्री. कुठल्याही बँकेच्या नियमात हे खातं बसलं नसतं. आकडे खरेच असतात, पण ते माल पडून आहे एवढंच सांगतात. का पडून आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी बांधावर जावं लागतं.

शेतकरी कारण देत होते ते असं, की लोखंडानं जमीन विषारी होते. आजवर या गोष्टीकडे आपण अडाणीपणाचा नमुना म्हणून पाहत आलो. मला मात्र यात एक गाठ दिसते. आपल्या लाकडी नांगराला पूर्वापार लोखंडी फाळ असायचाच. म्हणजे लोखंड मातीत पिढ्यान्‌पिढ्या जातच होतं. मग विषाची भीती अचानक कुठून आली?

माझ्या खुर्चीपुढं बसून कारणं सांगणारी माणसं मी खूप पाहिली. माणूस सांगायला सोपं असतं ते कारण सांगतो. खरं कारण त्याच्या पोटात असतं, आणि पुष्कळदा त्याचं त्यालाही ते नीट मांडता येत नाही. शेतकऱ्याचा लाकडी नांगर कोण करायचा? गावचा सुतार. त्याला रोख काही द्यावं लागत नसे. वर्षभर तो नांगर, कुळव, पाभर नीट करून द्यायचा आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं घेऊन जायचा. ऐन पेरणीत नांगर मोडला तरी सुतार शंभर पावलांवर असायचा. लोखंडी नांगराला मात्र आधी रोख पैसे मोजायचे आणि तो मोडला तर बेळगावची वाट धरायची. शेतकऱ्यानं केलेला हा हिशेब वेडा नव्हता. पोटात हा हिशेब होता आणि ओठावर विष होतं.

म्हणजे लक्ष्मणरावांच्या नांगराला दोन प्रतिस्पर्धी होते. एक विलायती नांगर. इंग्लंडातल्या इप्सविचच्या रॅन्समसारखे कारखाने शंभर वर्षांहून अधिक काळ नांगरच करत आले होते. फाळाची एक बाजू ओतकामातच अधिक कठीण करायची, म्हणजे तो झिजताना आपोआप धारदार राहतो, ही युक्ती रॅन्समनं १८०३ सालीच पेटंट करून ठेवली होती. हा प्रतिस्पर्धी छापील माहितीपत्रकातही सापडण्यासारखा होता. दुसरा प्रतिस्पर्धी कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. त्याचं दुकान नव्हतं, पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. तो म्हणजे पिंपळाच्या पारावर तासणी घेऊन बसलेला गावचा सुतार. लढत खरी त्याच्याशी होती.

गंमत अशी, की हे केवळ आपल्याकडे घडलं असंही नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डनं १७९७ साली ओतीव लोखंडी नांगराचं पेटंट घेतलं. तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटलं, की लोखंडानं जमीन विषारी होते आणि तण माजतं. न्यूबोल्ड हरला. त्याचा नांगर एकसंध ओतलेला होता. टोक तुटलं की सगळा नांगर मोडीत. पुढं १८१९ साली जेथ्रो वूडनं नांगराचे भाग सुटे केले. झिजलेला भाग काढायचा आणि तसाच नवा बसवायचा. हा नांगर खपला. मग मातीतलं विष कुठं गेलं? ते मातीत कधी नव्हतंच. एक तुकडा मोडला तर सगळ्या नांगराचे पैसे बुडतील, ही भीती होती. ती गेली आणि विषही उतरलं.

लोखंडी नांगर आपल्याकडे रुजला तोही केवळ बोलण्यानं रुजला नाही. नांगर शेतात चालवून दाखवायला लागला. माती खोलवर उलटते, हराळी आणि कुंदा मुळासकट वर येतो, हे शेजारच्या रानात डोळ्यांनी दिसल्यावर माणसं हळूहळू वळली. मग जो नांगर दोन वर्षं विकला गेला नाही, त्याला पुरा पडता येईना अशी पाळी आली.

नागांचा माळ आणि बिनव्याजी कर्ज

धंदा मार्गाला लागतो न लागतो तोच बेळगाव नगरपालिकेनं गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. जमवलेली माणसं, भट्टी, यंत्रं घेऊन जायचं कुठं? औंधला देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, त्यातून औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी त्यांचा स्नेह जुळला होता. राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा आणि १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा मुहूर्त झाला.

जागा म्हणजे निवडुंग आणि नागांचा माळ. आम्हा शिराळकरांना नागाचं भय घालू नये. आमच्याकडे नागपंचमी हा वर्षाचा मोठा सण. पण लेकरंबाळं घेऊन त्या माळावर राहायला आलेल्या पंचवीसेक कामगारांच्या बायकांचा मी विचार करतो, तेव्हा माझंही मन चरकतं. राधाबाई किर्लोस्करांसकट या बायकांनी तिथं चुली मांडल्या म्हणून तो कारखाना झाला. यंत्रांच्या इतिहासात चुलीची नोंद सहसा होत नाही.

बाळासाहेबांनी दिलेल्या कर्जाचा मला नेहमी अचंबा वाटतो. तारण काय होतं? ओसाड माळ त्यांचाच. कर्जदाराची पूर्वीची नोंद काय? दोन वर्षं माल पडून राहिला ती. कागदावर उत्तर नव्हतं. राजेसाहेबांनी सभामंडपाचं काम पाहिलं होतं, माणूस पाहिला होता. कंपनीची चौकशी म्हणतात ती कागदावर सुरू होते, पण तिथंच थांबली तर माणूस हातून निसटतो. माणसांची पारख लक्ष्मणरावांनाही होती. शंभोराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळेत न रमलेले पण यंत्रात डोकं चालणारे अनंतराव फळणीकर, गावाची व्यवस्था बघणारे रामूअण्णा अशी माणसं त्यांनी जोडली. प्रमाणपत्र पाहून नोकरी दिली असती तर यातले काही जण दारातूनच परत गेले असते.

जहाजं बंद पडली तेव्हा

१९१४ साली महायुद्ध पेटलं. विलायती नांगर घेऊन येणारी जहाजं आटली. स्पर्धक आपोआप बाजूला झाला म्हणून किर्लोस्करवाडीत गुढ्या उभारल्या गेल्या असतील असं कुणाला वाटेल. पण ज्या वाटेनं प्रतिस्पर्ध्याचा माल येत होता, त्याच वाटेनं आपला कच्चा मालही येत होता. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंग मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा ओतण्यासाठी दिल्या आणि तोफांचे नांगर झाले. ही कथा आपण कौतुकानं सांगतो. धंद्याच्या अंगानं तिचा अर्थ असा, की समोरच्याची कमजोरी मोजताना तीच कमजोरी आपल्या घरातही आहे का, हे तपासायला हवं. आपल्याकडे बाजारात उतरणारी दहा माणसं एकाच अडत्याकडून माल घेतात, एकाच विजेच्या तारेवर चालतात. तार तुटली की दहाही जण अंधारात.

युद्ध संपल्यावर, १५ जानेवारी १९२० रोजी, किर्लोस्कर ब्रदर्स ही भागधारकांची मर्यादित कंपनी झाली. घरचा जमाखर्च आता चारचौघांपुढं ठेवायचा ताळेबंद झाला. आजवर दुसऱ्यांची चौकशी करणारा माणूस इतरांना आपली चौकशी करू द्यायला तयार झाला, असंही म्हणता येईल.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, ज्याचं ऋण मराठी घराघरावर आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं आणि गिऱ्हाइकांचं ते वार्तापत्र. पुढं त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. आपल्या आयाआज्यांनी दुपारी पदराआड उघडलेलं मासिक मुळात नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या पत्रकातून उगवलं, हे किती जणांना ठाऊक असेल? गिऱ्हाईक म्हणजे एकदा पैसे मोजून गेलेला माणूस, अशी समजूत असती तर पत्रक निघालंच नसतं. बाजारात काय चाललं आहे, शेजारचा कुणाचा माल घेतो, काय मोडतं, काय टिकतं, ही बातमी गिऱ्हाइकाइतकी पक्की कुणाकडेच नसते. त्याच्याशी बोलणं तेवढं चालू राहायला हवं.

त्याच रुळांवरचा दुसरा कारखाना

सुताराला मागं टाकल्यावर लक्ष्मणराव बिनधास्त झाले असतील का? तसं होण्याची सोय नव्हती. पुणे-मिरज लोहमार्गावर, किर्लोस्करवाडीच्या उत्तरेला, सातारा रोड नावाचं स्टेशन आहे. तिथं पाडळीला १९२२ साली धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला आणि तोही लोखंडी नांगरांचा. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. एकाच रेल्वेवर, एकाच शेतकऱ्याला, तीच वस्तू विकणारे दोन कारखाने. आपल्या या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात त्या काळी केवढी चुरस होती, याची आज कल्पनाही येत नाही.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोखंडानं जमीन बिघडत नाही हे शेतकऱ्याला पटवण्याचा खर्च किर्लोस्करांनी आधीच केला होता. वाट पाडणाऱ्याला काटे टोचतात आणि मागून येणारा चालत येतो, हे प्रत्येक नव्या धंद्याचं दुखणं आहे. पण मागून येणाराही कधी पुढं जातो. १९३३ साली देशातलं पहिलं डिझेल इंजिन बनवल्याचा मान कूपरांच्या कारखान्याकडे जातो. किर्लोस्करांची इंजिनांची कंपनी पुण्यात निघाली ती १९४६ साली. म्हणजे ज्याला आपण नांगरातला प्रतिस्पर्धी समजतो, तो उद्या इंजिनात आपल्या पुढं असू शकतो. चौकशी एकदा करून फायलीत लावून ठेवायची वस्तू नाही, ती दर हंगामात नव्यानं करावी लागते, हे या दोन स्टेशनांच्या दरम्यान शिकायला मिळतं.

किर्लोस्करवाडीनंही एका नांगरावर विसंबून चालणार नाही हे ओळखलं. उसाचे चरक झाले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं झाली, १९२६ साली पंप आले. त्याच वर्षी शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतून यांत्रिकी शिकून बाहेर पडले. ही सगळी यंत्रं एका रेषेत मांडून पाहा. सगळ्यांचं गिऱ्हाईक एकच, तोच बांधावरचा शेतकरी. लक्ष्मणराव नवी वस्तू निवडत होते, पण ओळखीचं गिऱ्हाईक सोडत नव्हते.

आता आपण काय करायचं

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं झालं. आज एखाद्या पोरानं किंवा पोरीनं शिराळ्यात धंदा काढायचा म्हटलं, तर समोरच्याची चौकशी कुठून सुरू करायची? साधनं आज इतकी हाताशी आहेत, की लक्ष्मणरावांना हेवा वाटला असता. समोरचा धंदा नोंदलेली कंपनी असेल तर केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती कधी स्थापन झाली, तिचं भांडवल किती, संचालक कोण, तिच्यावर कुठल्या बँकेचा बोजा आहे, हे बघता येतं. थोडी फी भरली की तिनं दाखल केलेले ताळेबंदही वाचता येतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तर फुकट मिळतो. बाजारात नव्यानं शेअर काढणाऱ्या कंपनीला आपल्या माहितीपत्रकात आपले धोके छापावेच लागतात. आपल्या धंद्यातल्या मोठ्या कंपनीचं असं एक माहितीपत्रक वाचलं तर त्या धंद्याच्या खाचाखोचा घरबसल्या कळतात. व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक खरा की खोटा, चालू की रद्द, हे मोबाइलवर दिसतं. ठरवलेलं नाव दुसऱ्यानं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं आहे का, तेही बघून घ्यावं.

ताळेबंद हाती आला की नफ्याच्या आकड्याकडे धावू नये. आधी उधारी पाहावी आणि पडून असलेला माल पाहावा, तेही तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून. विक्री वाढते आहे पण उधारी तिच्याहून वेगानं वाढते आहे, तर समोरचा माल खपवत नाही, वाटत सुटला आहे असं समजावं. त्याच्याशी उधारीत स्पर्धा करायला गेलं तर आपण आधी बुडू.

पण शिराळ्यातल्या धंदेवाल्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी कुठल्याच संकेतस्थळावर नसतात. ते पारावरच्या सुतारासारखे असतात. त्यांच्यासाठी दुसरी रीत लागते. उत्तर भागातल्या एका गावची बाई मला आठवते. तिला चटणी-मसाला कांडायचं यंत्र टाकायचं होतं. अर्ज भरण्याआधी ती शेजारच्या गावच्या कांडपावर जाऊन बसली. एक दिवस नाही, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दर आठवड्याला. कुठल्या वारी किती बायका येतात, किती किलो मिरची आणतात, किती वेळ थांबतात, हे तिनं मुलीच्या वहीत मागच्या पानांवर लिहून काढलं. त्यात तिला दोन गोष्टी सापडल्या. बायकांची तक्रार दराबद्दल नव्हती, वेळेबद्दल होती. कांडप उघडं असायचं तेव्हा त्या रानात असायच्या. आणि दुसरं असं, की त्या धंद्याची सगळी कमाई उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत होती, पाऊस पडला की यंत्र झाकून ठेवायचं. म्हणून तिनं यंत्राच्या जोडीला दळणाची चक्की मागितली आणि कर्जाचे मोठे हप्ते उन्हाळ्यात ठेवायला सांगितले. तिच्या अर्जात स्पर्धेच्या रकान्यात जागा पुरली नव्हती, मजकूर समासात गेला होता. ते कर्ज वेळेवर फिटलं.

याच्या उलट तालुक्याच्या गावाहून तयार आराखडा विकत आणणारीही माणसं येत. टाइप केलेला सुरेख कागद, रंगीत आलेख, शेवटच्या पानावर दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचं नाव चुकून राहिलेलं. वीटभट्टी काढू पाहणाऱ्या एका तरुणाच्या अशा कागदात स्पर्धा नाही असं छापलेलं होतं आणि त्याच्या वाटेवरच तीन भट्ट्यांचा धूर दिसत होता. कागद खोटा बोलत नव्हता, तो दुसऱ्या गावाचं खरं सांगत होता इतकंच.

चौकशीला मर्यादाही आहे. समोरच्याचा कामगार फोडणं, त्याचे कागद चोरून मिळवणं, खोटं नाव सांगून माहिती काढणं, ही चौकशी नव्हे. उघड्यावर असलेली माहिती लक्ष देऊन वाचली आणि गिऱ्हाइकाला प्रश्न विचारून त्याचं बोलणं पुरतं ऐकलं, तर बाकीच्याची गरज फार क्वचित पडते. त्या बाईनं कांडपवाल्याचं काही हिरावून घेतलं नाही. ती फक्त बसली आणि तिनं मोजलं.

आणखी एक प्रश्न मी तरुणांना विचारायला सांगतो. तुमची वस्तू उद्या बाजारात आलीच नाही, तर लोक तिच्याऐवजी काय करतील? आज ते काय करतात? घरीच करतात, उसनं आणतात, की त्याशिवायच भागवतात? याचं जे उत्तर येईल तो तुमचा पहिला प्रतिस्पर्धी. शिराळ्यात भाताची पाकिटं करून विकणाऱ्यानं कोल्हापूरच्या मोठ्या दुकानाकडे नंतर बघावं. आधी बघावं ते धूळवाफेनं पेरलेल्या भाताचं पोतं मामाच्या घरून फुकट आणणाऱ्या भाच्याकडे.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर त्यांनी बरंच काही पाहून झालं होतं. १९४८च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडी होरपळली, तीही त्यांनी पाहिली आणि ती पुन्हा उभी राहिली तेही पाहिलं. १९६९ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनाचं नाव तर केव्हाच किर्लोस्करवाडी झालं होतं.

लोखंडी नांगरानं अखेर लाकडी नांगराला हटवलं. पुढं ट्रॅक्टर आला आणि त्यानं लोखंडी नांगरालाही बांधावर नेऊन ठेवलं. आमच्या तालुक्यात फिरताना पडवीच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या भिंतीला टेकलेला एखादा जुना नांगर अजून दिसतो. गंज चढलेला, पण मोडलेला नसतो. ज्याच्याविषयी दोन वर्षं लोक म्हणत होते की यानं जमीन मरेल, त्यानं तीन पिढ्या पोसल्या. त्याच्या फाळावरून हात फिरवावा आणि धंद्याचा अर्ज भरायला बसावं. स्पर्धेचा तो रकाना मग आपोआप भरू लागतो.